नवी मुंबईत इंग्रजीचा वर्ग शोधताना

वाचकहो, घरात नर्सिंग किंवा डिप्लोमा झालेले मूल असेल, तर "मला बाहेर जायचे आहे" हे वाक्य तुमच्याही कानावर आले असेल. आपल्या आजोबा-पणजोबांच्या वेळी बाहेर म्हणजे मुंबई; गिरणीत नाही तर गोदीत. आता बाहेर म्हणजे इंग्लंड, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया. तो देश कुठल्या दिशेला आहे हे बापाला ठाऊक नसते. त्याला एवढेच कळते, की त्या वाटेवरचा पहिला नाका इंग्रजीचा आहे आणि तिथे पैसे मोजावे लागतात.

आमच्या घरात हे वाक्य माझ्या पुतणीने काढले. आमचे गाव सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यात. पोरगी कराडला नर्सिंगचा जी.एन.एम. कोर्स करून तिथल्याच एका दवाखान्यात रात्रपाळ्या करते. तिला नर्स म्हणून इंग्लंडला जायचे आहे. मोबाइलवर एका वर्गाची जाहिरात पाहून तिने आपला नंबर दिला आणि त्या दिवसापासून फोन सुरू झाले. इंग्रजीचा वर्ग, परीक्षा, व्हिसा, नोकरी, सगळे एकत्र. साडेतीन लाख रुपये. निम्मे महिनाअखेर भरा, नाही तर सवलत जाईल.

थोरले बंधू दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, "ओढ्याकाठचं वीस गुंठं काढून टाकू. पोरीचं भलं हुईल."

मी म्हणालो, "दादा, बैल घ्यायचा झाला तर आपण बाजारात जातो. दात बघतो, चालवून बघतो, जुपून बघतो. हितं तर न बघताच पैसं मोजायला निघालोय. आधी मी जाऊन बघून येतो."

म्हणून या माघ महिन्यात पोरीला घेऊन मी नवी मुंबईला गेलो. चार दिवस हिंडलो. जे पाहिले ते तुमच्यापुढे मांडतो. उद्या तुमच्यावर ही वेळ आली, तर कुठे बघायचे आणि काय विचारायचे एवढे तरी हाताशी असावे.

भातखाचरांवर उभे राहिलेले शहर

कराडहून रात्रीची एस.टी. धरली, की उजाडता उजाडता तुम्ही पनवेल ओलांडता. कळंबोली, खारघर, बेलापूर, नेरूळ अशी गावे मागे पडत जातात. उजव्या हाताला डोंगर, डाव्या हाताला खाडीकडची सपाटी आणि मधे मान दुखेपर्यंत उंच इमारती. पुढे कांद्याचा वास आला, की समजावे तुर्भ्याचे बाजार आवार जवळ आले. कांदा-बटाटा, भाजीपाला, फळे, मसाला आणि धान्य असे मोठे बाजार इथे आहेत. तुम्ही स्वतः इथे आला नसाल, पण तुमचा कांदा नाही तर आले कधी तरी इथे येऊन गेले असेल.

या बाजारात पाठीवर गोणी वाहणारे बरेचसे माथाडी आपल्याच घाटावरचे. १९६९ साली माथाडी कायदा झाला. त्यामागे ज्यांची चळवळ होती ते अण्णासाहेब पाटील आमच्या पाटण तालुक्यातले. माझा मावसभाऊ याच बाजारात माथाडी आहे. कोपरखैरण्याला त्याचे दोन खोल्यांचे घर आहे. आमचा मुक्काम तिथेच.

हे शहर आपोआप वाढलेले नाही. मुंबईची गर्दी खाडीपलीकडे वळवावी म्हणून १७ मार्च १९७० रोजी सिडको ही सरकारी कंपनी निघाली आणि ठाणे, पनवेल व उरण भागांतल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी घ्यायचे ठरले. आगरी आणि कोळी लोकांची गावे ही. कुणाची भातखाचरे, कुणाची मिठागरे, कुणाची खाडीतली मासळी. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लोक लढले. १९८४ च्या जानेवारीत १६ आणि १७ तारखेला उरण तालुक्यात गोळीबार झाला आणि पाच शेतकरी हुतात्मा झाले. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्याला परत देण्याची योजना आली, ती त्या लढ्यामुळे. ही गोष्ट ध्यानात असू द्या. तिच्याकडे आपल्याला परत यायचे आहे.

पाटी एक, वर्ग दोन

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वाशीला गेलो. मानखुर्दहून खाडी ओलांडून रेल्वे इथे १९९२ साली आली. स्टेशनच्या डोक्यावरच कचेऱ्यांच्या इमारती आहेत. बाहेर पडून सेक्टर १७ कडे चालू लागा आणि मान वर करा. मजल्यामागून मजले पाट्याच पाट्या. स्पोकन इंग्लिश, आयईएलटीएस, परदेशी शिक्षण, व्हिसा सल्ला. पाटीवर हसऱ्या मुलांचे फोटो आणि मागे विमान.

यांतल्या कित्येक पाट्या साखळीच्या असतात. साखळी म्हणजे एकाच नावाच्या गावोगाव शाखा. पुष्कळदा शाखेचा मालक वेगळा असतो. तो मूळ कंपनीला पैसे भरून नाव, पुस्तके आणि अभ्यासक्रम घेतो. जागा त्याची, नोकर त्याचे आणि शिक्षकही त्यानेच नेमलेले. याला फ्रँचायझी म्हणतात. आपल्याला हे समजायला अवघड नाही. बियाण्याची पिशवी नामांकित कंपनीची असली, तरी आपण सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळतो आणि सत्तर उगवले तरच पेरतो. पिशवीवरचे नाव उगवत नाही. आतला दाणा उगवतो.

पहिली शाखा वाशीची. गार हवा, काचेचे दार, कोट घातलेली एक तरतरीत मुलगी. तिने पुतणीला विचारले, कोणत्या देशात जायचे, घरची शेती किती, पैसे कधी भरणार. अर्ध्या तासात तिने पुतणीला इंग्रजीत एक वाक्यदेखील बोलायला लावले नाही. मी म्हणालो, "आम्हाला वर्गात मागं बसू द्या तासभर." तर म्हणाली, ते नियमात बसत नाही. शिक्षक कोण आहेत, असे विचारले, तर म्हणाली, आमचे सगळेच शिक्षक अनुभवी आहेत. शेवटी म्हणाली, "सात बँडची लेखी हमी देतो. पासपोर्ट आणि मूळ प्रमाणपत्रं आजच जमा करा." आम्ही पाणी पिऊन उठलो.

पोरगी हिरमुसली होती. पण त्याच नावाची दुसरी शाखा नेरूळला आहे, असे तिने मोबाइलवर पाहिले होते. मी म्हणालो, चल, तीही बघू. वाशी, सानपाडा, जुईनगर, नेरूळ. दहा-पंधरा मिनिटांचा प्रवास. पाटी तीच, रंग तोच, पुस्तकेही तीच. वर्ग मात्र वेगळा. पन्नाशीच्या एक बाई शिकवत होत्या. समोर बारा मुले. आम्ही मागे बसू का, म्हणून विचारले, तर खुर्चीकडे बोट दाखवून त्या पुढे शिकवू लागल्या.

त्या तासात बाई कमी बोलल्या आणि मुले जास्त बोलली. चुकले तर बाई मधेच थांबवत नसत; कागदावर टिपून ठेवत आणि बोलून झाल्यावर त्याचे त्याला सांगत. तास सुटल्यावर त्यांनी पुतणीला जवळ बसवले आणि इंग्रजीत विचारले, काल रात्रपाळीला काय काय झाले ते सांग. पोरगी गप्प. कानशिले लाल झाली. मग तुटक तुटक बोलू लागली. एका म्हातारीच्या हाताला सलाइनने सूज आली होती, ती सुई काढून दुसऱ्या हाताला कशी लावली, म्हातारी कशी रडत होती आणि मग तिला झोप कशी लागली. मला सगळे कळले असे नाही, पण पोरगी पाच मिनिटे इंग्रजीत बोलली हे मला कळले.

बाई मराठीत म्हणाल्या, "शब्द पुष्कळ आहेत. व्याकरण कच्चं आहे आणि बोलायची भीती आहे. आज परीक्षा दिली तर पाच, साडेपाच बँड. तुला सात हवेत. ते दीड महिन्यात होणार नाही. होईल असं कुणी सांगितलं, तर विश्वास ठेवू नका."

पहिलीपासून इंग्रजी हा विषय आपल्या मराठी शाळांत २००० सालापासून आहे. म्हणजे ही पोरगी पहिलीपासून इंग्रजी शिकली, नर्सिंगची पुस्तकेही इंग्रजीत वाचली. पण "तुझ्या दिवसाबद्दल सांग" असे तिला कुणी कधी म्हटलेच नव्हते. आमच्या आजोबांच्या पेटीत तर्खडकरांची भाषांतर पाठमाला होती. त्यांचेही तसेच, वाचता यायचे, साहेब समोर आला की जीभ टाळूला चिकटायची.

आता तुम्ही म्हणाल, साखळी नको, लहान वर्ग बरा. तसेही नाही. तिसऱ्या दिवशी वहिनींनी सुचवलेल्या कोपरखैरण्यातल्या एका लहान वर्गात गेलो. फी निम्मी, मास्तर प्रेमळ. पण फळ्यावर पन्नास प्रश्न आणि त्यांची पन्नास उत्तरे लिहिलेली, आणि मुले ती घोकत होती. परीक्षेला समोर माणूस बसतो आणि उत्तराला धरून पुढचा प्रश्न विचारतो. घोकलेले उत्तर त्याला दुसऱ्याच वाक्यात ओळखू येते आणि गुण जातात. तेव्हा मोठे तेवढे खोटे आणि लहान तेवढे खरे, असे समजू नका. पाटी वाचून घरी येऊ नका. वर्गात बसून या, एवढाच याचा अर्थ.

परीक्षा कोणती, हे आधी

वर्ग शोधण्याआधी परीक्षा कोणती द्यायची हे ठरले पाहिजे. आम्ही इथेच उलटे चाललो होतो. कोणती परीक्षा आणि किती गुण, हे वर्गवाला ठरवत नाही. ज्या विद्यापीठात किंवा ज्या देशाच्या नोंदणी मंडळाकडे जायचे, ते ठरवते. त्यांच्या स्वतःच्या वेबसाइटवर ते लिहिलेले असते. मुलांना ते काढून कागदावर उतरवायला सांगा आणि तो कागद घेऊनच वर्गाची पायरी चढा.

सर्वांत जास्त चालते ती आयईएलटीएस. तिचे चार भाग: ऐकणे साधारण अर्धा तास, वाचणे एक तास, लिहिणे एक तास आणि समोरासमोर बोलणे अकरा ते चौदा मिनिटे. गुण ० ते ९ बँडमध्ये देतात. निकाल दोन वर्षे चालतो, म्हणून फार आधी देऊन ठेवण्यातही अर्थ नाही. तिचे दोन प्रकार आहेत. उच्च शिक्षण आणि वैद्यकीय व्यवसायांसाठी ॲकॅडेमिक, कामधंद्यासाठी व स्थायिक होण्यासाठी जनरल. चुकीचा प्रकार दिला, तर पंधरा हजारांहून जास्त फी पाण्यात.

इंग्लंडमध्ये नर्सची नोंदणी करणारे मंडळ ऐकणे, वाचणे आणि बोलणे यांत ७ आणि लिहिण्यात ६.५ बँड मागते. पण तेच मंडळ ओईटी नावाची दुसरी परीक्षाही मानते. ती खास डॉक्टर, नर्स वगैरे मंडळींसाठी आहे. तीत नर्सला निबंध लिहावा लागत नाही. रुग्णाला दुसरीकडे पाठवताना किंवा घरी सोडताना लिहितात तसे पत्र लिहावे लागते. बोलण्याच्या भागात समोरचा माणूस रुग्ण होतो आणि तुम्ही नर्स. फी आयईएलटीएसपेक्षा बरीच जास्त, पण विषय रोजच्या कामातला. वाशीच्या त्या काचेच्या दारामागे आम्हाला ओईटीचे नावही कुणी सांगितले नाही. नेरूळच्या बाईंनी सांगितले, आणि वर हेही, की "त्याचा वर्ग आमच्याकडे नाही, पण तुमच्या पोरीला कदाचित तीच बरी." आपले गिऱ्हाईक जाईल हे माहीत असून जो खरे बोलतो, त्याच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

आणखी एक. बाहेर म्हणजे दर वेळी इंग्रजीच, असेही नाही. जर्मनीला नर्स म्हणून जायचे तर जर्मन भाषा लागते. आपल्या राज्य सरकारने २०२४ साली जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल माणसे पाठवण्याचा करार केला. जपानला जपानी लागते. आखाती देशांत नर्सला बहुतेक ठिकाणी तिथल्या परवान्याची वेगळी परीक्षा असते. देश ठरल्यावर भाषा, भाषा ठरल्यावर परीक्षा, परीक्षा ठरल्यावर वर्ग. नांगरट, कुळवणी, पेरणी. क्रम बदलून चालत नाही.

तासांचा हिशेब

भाषा शिकण्याच्या सहा पायऱ्या युरोपात मानल्या आहेत आणि आता सगळीकडे त्याच मोजतात. एका पायरीवरून पुढच्या पायरीवर जायला शिक्षकाच्या हाताखाली साधारण दोनशे तास लागतात, असा केंब्रिजच्या परीक्षा मंडळाचा अंदाज आहे. पाच बँड ही तिसरी पायरी. सात बँड म्हणजे पाचव्या पायरीचा उंबरठा. म्हणजे मधली चौथी पायरी पूर्ण चढायची.

आता पाटीवरचा "४५ दिवसांत सात बँड" हा मजकूर घ्या. रोज दीड तास धरला, तर ४५ दिवसांचे साडेसदुसष्ट तास होतात. म्हणजे पायरीचा जेमतेम तिसरा भाग. दोनशे तासांना रोज दीड तासाप्रमाणे १३३ दिवस लागतील, तेही एक दिवस खाडा न करता. सोयाबीनपेक्षा लांबचे आणि उसापेक्षा लवकरचे पीक आहे हे. महिना-दीड महिन्याचा वर्ग परीक्षेची रीत शिकवतो, आणि ज्याची भाषा आधीच पिकली आहे त्याला तो उपयोगी पडतो. कच्च्या भाषेला तो पिकवत नाही.

दुसरा हिशेब वर्गातल्या डोक्यांचा. नव्वद मिनिटांच्या तासाला तीस मुले असतील आणि शिक्षक अवाक्षर बोलले नाहीत, तरी एकेकाच्या वाट्याला तीन मिनिटे. बारा मुले असतील तर साडेसात मिनिटे. म्हणून वर्गात किती मुले असतात, हे ऐकून घेऊ नका. मागे बसून स्वतः मोजा.

पैशांचा हिशेब

भाषा शिकवणे हे एक काम, परीक्षा घेणे हे दुसरे, आणि नोकरी लावून देणे हे तिसरे. तिघांचे एकच गाठोडे करून कुणी एकच आकडा सांगितला, तर गाठ सोडून प्रत्येकाची किंमत वेगळी मागा. परीक्षेचे गुण वर्गवाल्याच्या हातात नसतात. मग तो हमी कशाची देतो? "हमी" या शब्दाखाली बारीक अक्षरांत काय लिहिले आहे ते वाचा. बहुधा तिथे फी परत नसते. पुन्हा त्याच वर्गात बसायची मुभा तेवढी असते.

परदेशी नोकरी लावून देणाऱ्या एजंटाला १९८३ च्या कायद्याखाली केंद्र सरकारकडे नोंदणी करावी लागते. ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर त्याचे नाव आणि नोंदणी क्रमांक पाहता येतो. अशा एजंटाला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढेच घेता येतात. इंग्लंडच्या आरोग्य खात्याच्या आचारसंहितेप्रमाणे तर नोकरी देण्याबद्दल नर्सकडून पैसे घ्यायचेच नसतात. हे कळल्यावर आमच्या साडेतीन लाखांतले किती कशाचे होते, याचा तुम्हीच अंदाज करा.

फी हप्त्याने भरा. दर हप्त्याची छापील पावती घ्या. मधेच सोडावे लागले तर किती पैसे परत, हे पैसे भरण्याआधी लेखी घ्या. पासपोर्ट आणि मूळ प्रमाणपत्रे वर्गवाल्याकडे ठेवू नका; झेरॉक्स पुरते. फसवणूक झालीच, तर १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. २०१९ च्या ग्राहक कायद्याप्रमाणे आपल्या राहत्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते; त्यासाठी वाशीला खेटे घालावे लागत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फीही नाही.

गावठाणातली संध्याकाळ

शेवटच्या संध्याकाळी मावसभाऊ आम्हाला जवळच्या गावठाणात घेऊन गेला. नवी मुंबईत सेक्टरांच्या मधे जुनी गावे अजून आहेत. रुंद रस्ता संपतो आणि एकदम अरुंद गल्ली, देऊळ, ओट्यावर बसलेली म्हातारी माणसे. भावाच्या ओळखीचे एक आगरी आजोबा तिथे भेटले. त्यांची भाताची शेती होती, तिथे आता बारा मजली इमारत आहे. "इथं माझा बांध होता," असे म्हणून त्यांनी मोटारी उभ्या करायच्या जागेकडे हात केला.

मी त्यांना आमची हकिकत सांगितली. वीस गुंठ्यांचेही सांगितले. आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत. दूर पनवेलच्या बाजूला विमानाचा दिवा लुकलुकत होता. तिकडचा नवा विमानतळ २०२५ च्या ऑक्टोबरात झाला, डिसेंबरात विमाने उडू लागली. त्यालाही आसपासच्या गावांनी जागा दिली आहे. मग आजोबा म्हणाले, "आमची घेतली. आम्हाला विचारलं नाही. तुमची तुम्ही आपल्या हातानं द्यायला निघालाय. देऊ नका असं मी म्हणत नाही. पोरीसाठी द्यायचीच वेळ आली तर द्या. पण कशासाठी देताय ते आधी नीट बघा."

वाचकहो, यात एक गोष्ट मी माझ्याकडून घालतो. आपल्या राज्यात जो शेतकरी नाही त्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून शेतजमीन विकत घेता येत नाही. म्हणजे शेवटचा सातबारा गेला, तर पुढे पोरीने परदेशातून पैसे पाठवले तरी ते रान परत घेणे सोपे नाही. आमचे वीस गुंठे शेवटचे नव्हते. कुणाचे असतील, त्याने दहा वेळा विचार करावा.

काय ठरले

परत येताना एस.टी.त पोरीनेच ठरवले. आधी कराडलाच राहून, नोकरी न सोडता, रोज दीड तास अभ्यास. परीक्षांचे नमुना पेपर त्या त्या परीक्षेच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. वॉर्डातल्या एका सोबतिणीलाही ओईटी द्यायची आहे. दोघी चहाच्या वेळेत एकमेकींशी इंग्रजीतच बोलणार. पाच महिन्यांनी नेरूळच्या बाईंकडे जाऊन पुन्हा बोलून दाखवायचे आणि त्या सांगतील तेव्हाच ओईटीच्या वर्गाचा शोध घ्यायचा. तेव्हाही आधी मागे बसून, मोजून आणि विचारून. राहायला मावसभावाचे घर आहेच. वर्गाचा आणि परीक्षेचा खर्च तिच्या पगारातून बाजूला पडत जाईल.

बंधूंना हे सांगितले. त्यांनी विचारले, "आणि समजा, तरीबी नापास झाली तर?" पोरगी म्हणाली, "आबा, मग पुन्हा देईन. पण रान असेल तर पुन्हा देता येईल."

नशीब काढील की नाही, ते मी सांगू शकत नाही. परीक्षा अजून व्हायची आहे. ओढ्याकाठी या वेळी उन्हाळी भुईमूग टाकला आहे. सुट्टीला आली, की संध्याकाळी ती बांधावरून फेऱ्या मारते आणि मोठ्याने इंग्रजीत बोलते. रुग्णाचे नाव, वय, काय दुखते, कधीपासून दुखते. शेजारची पोरे पहिल्यांदा हसली. आता त्यांतली दोघे मागून चालत तिची वाक्ये म्हणतात.

तुमच्या घरून कुणी असे निघाले, तर त्याला अडवू नका. फक्त पैसे मोजण्याआधी एक दिवस त्याच्याबरोबर जा, वर्गाच्या मागच्या बाकावर बसा आणि डोकी मोजा. इंग्रजी आले नाही तरी चालेल. आपले मूल बोलते आहे की नुसते ऐकून घेते आहे, हे बापाला कुठल्याही भाषेत कळते.